तुळईवरची माणसे

गेल्या नाताळच्या आठवड्यात आमच्या भाच्याच्या नव्या घराचा आशीर्वाद झाला. फादरांनी खोलीखोलीतून पवित्र पाणी शिंपडले, आम्ही प्रार्थनेला प्रतिसाद देत त्यांच्या मागोमाग फिरलो, आणि दिवाणखान्यात येताच फादर क्षणभर थबकले. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर चांगले चार फूट लांबीचे एक काळेपांढरे छायाचित्र चौकटीत बसवून लावलेले होते. एका पोलादी तुळईवर अकरा माणसे ओळीने बसली आहेत. पाय अधांतरी, पायांखाली धुक्यात बुडालेले अफाट शहर. डाव्या टोकाचे दोघे सिगारेट पेटवण्यात गुंतले आहेत, मधल्या काहींच्या मांडीवर जेवणाचे डबे आहेत, आणि उजव्या टोकाचा एकटाच हातात बाटली धरून थेट आपल्याकडे पाहतो आहे. "हे कोण, तुमच्या घराण्यातले का?" फादरांनी हसत विचारले. "नाही फादर," भाचा म्हणाला, "हे नुसतं डेकोरेशन. सोफ्याच्या रंगाला शोभतं म्हणून आणलं."

सारे हसले आणि विधी पुढे सरकला. आमच्या मनातून मात्र ते उत्तर जाईना. वाचकांपैकीही पुष्कळांनी हे चित्र कुठे ना कुठे पाहिले असेल. कॉफीच्या दुकानात, केशकर्तनालयात, वास्तुरचनाकारांच्या कचेरीत ते किंवा त्याच्या जातकुळीची चित्रे हल्ली सर्रास दिसतात: उंच इमारतींच्या सांगाड्यावर चढलेले, तारेला लटकलेले, हातोडा उगारलेले अनामिक कामगार. छापील नक्कल स्वस्तात मिळते आणि काळापांढरा रंग कोणत्याही भिंतीशी भांडत नाही. या भिंतीवर येण्यापूर्वी ही माणसे कुठे होती, याचा शोध घेण्याचा आम्ही यथाशक्ती प्रयत्न केला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तुळईवरचे हे छायाचित्र २० सप्टेंबर १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये घेतले गेले. मॅनहॅटनच्या मध्यभागी तेव्हा रॉकफेलर सेंटर हा इमारतींचा प्रचंड समूह उभा राहत होता. त्यातील सत्तर मजली आर.सी.ए. इमारतीचा सांगाडा एकोणसत्तराव्या मजल्यापर्यंत चढला होता. ही तुळई त्या उंचीवरची, म्हणजे रस्त्यापासून सुमारे ८५० फुटांवरची. २ ऑक्टोबरला 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून' या पत्राच्या रविवारच्या चित्रपुरवणीत ते छापून आले. काळ महामंदीचा होता. १९२९ च्या ऑक्टोबरात तेथील शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत अमेरिकेतील दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार झाला. अशा दिवसांत एवढ्या मोठ्या वास्तूला भाडेकरू मिळवायचे, तर वर्तमानपत्रांतून तिचे नाव गाजत राहणे आवश्यक होते. म्हणून छायाचित्रकारांना वर बोलावण्यात आले आणि कामगारांना तुळईवर बसवण्यात आले. काही जणांना तर तुळईवर आडवे पडून झोपल्याचे सोंग करायला लावले. तेही छायाचित्र आज पाहायला मिळते. सारांश, जेवणाच्या सुट्टीतला सहज टिपलेला क्षण म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, ती मुळात एक जाहिरात होती.

जाहिरात होती म्हणून ती खोटी होती, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. माणसे खरी होती, उंची खरी होती, अशा तुळया जागेवर बसवणे हाच त्यांचा रोजचा उद्योग होता, आणि कुणाच्या कमरेला दोर नव्हता हेही खरे. सोंग होते ते फक्त निवांतपणाचे.

मूळ छायाचित्र काचेच्या पट्टीवर उतरवलेले. ती काच पुढे फुटली. पेनसिल्व्हेनिया राज्यात चुनखडीच्या एका जुन्या खाणीत जुनी छायाचित्रे जतन करण्यासाठी थंड कोठार केले आहे, तेथे ती तडकलेली काच ठेवण्यात आली. ते घेतले कुणी, याचाही घोळ आहे. कित्येक वर्षे लोक ते लुईस हाईन या विख्यात छायाचित्रकाराचे समजत. २००३ मध्ये चार्ल्स एबेट्स यांचे नाव त्यावर चढले. नंतर असे आढळले की, थॉमस केली आणि विल्यम लेफ्टविच हे आणखी दोघे त्या दिवशी वर कॅमेरे घेऊन हजर होते. तेव्हा श्रेयाची जागा पुन्हा रिकामी झाली.

छायाचित्रकाराची ही कथा, तर बसलेल्यांची काय असणार? २०१२ मध्ये 'मेन अ‍ॅट लंच' नावाचा एक आयरिश माहितीपट निघाला. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात शानाग्लिश नावाचे लहानसे गाव आहे. तेथील दारूच्या गुत्त्यात हे चित्र टांगलेले होते आणि टोकांना बसलेले दोघे आपल्या गावचे, असा दावा तेथे केला जात होता. या धाग्यावरून माहितीपटकर्ते शोधाला लागले. इतर छायाचित्रांशी ताडून पाहता दोनच नावे त्यांना पक्की करता आली: डावीकडून तिसरा जोसेफ एकनर आणि उजवीकडून तिसरा जो कर्टिस. बाकीच्या नऊ जणांवर हक्क सांगणारी कुटुंबे मात्र उदंड आहेत. कुणी आयर्लंडमधली, कुणी स्लोव्हाकियातली. आमचा आजा, आमचा काका म्हणून ती त्या धूसर चेहऱ्यांकडे बोट दाखवतात. त्यांतले काही दावे खरे असतील, काही नसतील. पण ज्या घरातून कुणी एकेकाळी बोट धरून परदेशी गेला आणि ज्याचे पुढे पत्रही आले नाही, त्या घराला एखादा चेहरा हवासा वाटतो, हे कळायला परदेशी गेलेल्यांच्या आपल्या गावांना अडचण पडू नये.

आता डिसेंबर २०२३ पासून त्याच इमारतीच्या एकोणसत्तराव्या मजल्यावर पर्यटकांसाठी तशीच एक तुळई बसवली आहे. पैसे भरायचे, पट्टा बांधून बसायचे. ती बारा फूट वर उचलली जाते आणि फोटो निघतो. आम्हांला यात रागावण्यासारखे काही वाटत नाही. पट्टा आहे, ही सुधारणाच म्हणायची.

याच जागेचे आणखी एक छायाचित्र आहे, आणि खरे सांगायचे तर आमचा जीव त्यात अधिक गुंतला. २४ डिसेंबर १९३१, म्हणजे तुळईच्या नऊ महिने आधी. रॉकफेलर सेंटरच्या जागी तेव्हा केवळ खोदकाम आणि ढिगारे. पाचव्या अ‍ॅव्हेन्यूच्या पलीकडे सेंट पॅट्रिकचे कॅथेड्रल. कामगारांनी आपापसांत वर्गणी काढली आणि वीस फूट उंचीचे एक फरचे झाड आणून त्या चिखलात रोवले. कागदाच्या माळा, क्रॅनबेरीच्या माळा आणि रिकाम्या डब्यांचे पत्रे यांनी ते सजवले. छायाचित्रात मळक्या कोटांतील माणसे त्या झाडाशेजारी पगारासाठी रांगेत उभी आहेत. त्या नाताळला ज्यांच्या हाती पगार पडत होता, असे त्या शहरात किती थोडे होते, हे ध्यानात घेतले की त्या झाडाचा अर्थ उमगतो. दरवर्षी लाखो लोक पाहायला जातात त्या रॉकफेलर सेंटरच्या प्रख्यात नाताळवृक्षाची ही सुरुवात. तुळईवर त्यांना दुसऱ्याने बसवले; झाड त्यांनी आपल्या मनाने लावले. हे चित्र आम्ही अद्याप कुणाच्या दिवाणखान्यात पाहिलेले नाही.

वर लुईस हाईनचा उल्लेख आला. तुळईचे चित्र त्याचे नसले तरी भिंतींवर मिरवणारी या जातीची पुष्कळशी चित्रे त्याची आहेत, आणि हा माणूस ओळखून घेण्यासारखा आहे. जन्म १८७४ चा, विस्कॉन्सिनमधला. पेशाने शिक्षक. न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिकवीत असताना त्याने कॅमेरा हाती घेतला आणि एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासितांची व स्थलांतरितांची छायाचित्रे काढली. १९०८ पासून तो राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी काम करू लागला. गिरण्यांत, खाणींत, काचेच्या कारखान्यांत राबणारी मुले टिपायची, तर मालक आत येऊ देणार नाहीत. मग हाईन कधी अग्निशमन निरीक्षक होई, कधी पोस्टकार्डे विकणारा, कधी चक्क बायबल विकणारा. मुलाची उंची मोजायला पट्टी काढली तर संशय येईल, म्हणून स्वतःच्या कोटाची कोणती गुंडी जमिनीपासून किती उंच आहे हे त्याने मोजून ठेवले होते. मूल शेजारी उभे राहिले की उंची कळे. नाव, वय, उंची, किती दिवसांपासून कामावर, हे सारे तो खिशातल्या हाताने वहीत टिपून घेई. त्याच्या जुन्या छायाचित्रांतील कितीतरी मुले आज नावानिशी ठाऊक आहेत, ती या खिशातल्या वहीमुळे.

हाच हाईन १९३० साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, एम्पायर स्टेट इमारतीच्या सांगाड्यावर चढला. त्यालाही इमारतीच्या कंपनीनेच नेमले होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हेतू येथेही प्रसिद्धीचाच. परंतु हाईन कामगारांबरोबर मजल्यामागून मजला वर चढत गेला. सर्वांत वरचे काम टिपण्यासाठी खास बनवलेल्या एका पाळण्यात बसून तो रस्त्यापासून हजारभर फुटांवर बाहेर झुलला. त्याच्या चित्रांत जाहिरातीची बैठक नाही. माणसे कामात आहेत, आणि कॅमेऱ्याला पाठ देऊनही त्यांना संकोच वाटत नाही. १९३२ मध्ये यांतील निवडक चित्रांचे 'मेन अ‍ॅट वर्क' हे पुस्तक त्याने मुलांसाठी काढले. यंत्रे आपोआप चालत नाहीत, त्यांच्यामागे माणसे असतात, हे लहान वाचकांना दाखवावे असा त्याचा हेतू होता. या मालिकेतील सर्वांत गाजलेल्या चित्रात एक तरुण उघड्या आकाशात एका तारेवर पाय टेकून उभा आहे. त्याला हाईनने नाव दिले 'इकारस'. ग्रीक पुराणातला इकारस मेणाच्या पंखांनी सूर्याकडे उडाला आणि कोसळला. हा तरुण कोसळत नाही, तो काम करतो आहे. म्हणूनच ते नाव योजले असावे, असे आमचे मत. पण बालमजुरांची नावे खिशात टिपून घेणाऱ्या या माणसाच्या या चित्राखाली तरुणाचे स्वतःचे नाव नाही, ही गोष्ट आम्हांला खटकल्यावाचून राहिली नाही.

हाईनचा शेवट दारिद्र्यात झाला. काम मिळेनासे झाले, घर कर्जापायी गेले, आणि १९४० मध्ये तो वारला. त्याची छायाचित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाला देऊ केली असता ती नाकारली गेली. पुढे रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयाने ती स्वीकारली. आज ज्यांच्या नकला जगभर विकल्या जातात, त्यांना एके काळी फुकटातही भिंत मिळत नव्हती!

एम्पायर स्टेट इमारतीविषयी आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तिच्या कंपनीचा प्रमुख होता अल् स्मिथ. न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत वाढलेला कॅथलिक मुलगा. वडील वारल्यावर त्याने धर्मग्रामाची शाळा सोडली आणि फुल्टनच्या मासळीबाजारात काम धरले. आपली पदवी त्या मासळीबाजाराची, असे तो थट्टेने सांगे. (आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळांना ही पदवी मान्य होईल.) पुढे तो चार वेळा न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झाला, आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी एका प्रमुख पक्षाने उभा केलेला पहिला कॅथलिक उमेदवार ठरला. हा निवडून आला तर देश पोपच्या हाती जाईल, असा प्रचार त्याच्याविरुद्ध झाला आणि तो पडला. इमारतीचे बांधकाम १७ मार्च १९३० रोजी, संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी सुरू झाले, आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजली, १,२५० फूट उंच वास्तूचे उद्घाटन झाले. अवघ्या ४१० दिवसांत! एका वेळी ३,४०० पर्यंत माणसे कामावर होती. त्यांना जेवायला खाली यावे लागू नये म्हणून निरनिराळ्या मजल्यांवर उपाहारगृहे काढली होती. तेव्हा तुळईवर डबा खाणे ही काही नित्याची रीत नव्हती.

हे काम चाले कसे? सांगाड्याच्या तुळया एकमेकींना जोडल्या जात त्या तापवलेल्या रिवेटांनी. चौघांची एक टोळी. पहिला छोट्या भट्टीत रिवेट लालबुंद करी आणि चिमट्याने हवेत भिरकावी. दुसरा तो पत्र्याच्या डब्यात झेली, राख झटकून भोकात बसवी. तिसरा मागून जड दांडा टेकवून धरी आणि चौथा हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने त्याचे डोके ठोकून चपटे करी. झेल चुकला तर जळता लोखंडी तुकडा शेकडो फूट खाली. चौघांची टोळी एकत्रच कामावर घेतली जाई, कारण दुसऱ्या कुणाच्या झेलावर भरवसा कोण ठेवणार? अधिकृत नोंदीप्रमाणे एम्पायर स्टेटच्या बांधकामात पाच जण दगावले. भिंतीवरच्या चित्रांत हातोड्याचा तो कान फोडणारा आवाज नाही, भट्टीचा धूर नाही, आणि ते पाच जणही नाहीत.

उंचीवरच्या या कामगारांत एक जमात विशेष होती, ती मोहॉक आदिवासींची. कॅनडात माँट्रियलजवळ, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी, काहनावाके हे त्यांचे गाव. १८८६ मध्ये त्यांच्या जमिनीवरून रेल्वेचा पूल निघाला, तेव्हा गावच्या तरुणांनी उंचावरचे लोखंडकाम पत्करले आणि त्यात नाव काढले. त्यांना म्हणे उंचीचे भय वाटत नाही, असे लोक कौतुकाने सांगत आणि आजही चित्राखाली लिहितात. आम्हांला हे कौतुक नेहमीच थोडे संशयास्पद वाटत आले आहे. एखाद्याला भय वाटतच नाही असे ठरवले की त्याला दोर देण्याची जबाबदारी उरत नाही.

२९ ऑगस्ट १९०७ रोजी दिवसाचे काम सुटण्याच्या सुमारास क्वेबेकचा अर्धवट बांधलेला पूल नदीत कोसळला. पुलाच्या वजनाचा हिशेब चुकला होता. ७५ माणसे मेली. त्यांतील ३३ एकट्या काहनावाकेची होती. एका गावातली तेहतीस घरे एका संध्याकाळी! त्यानंतर गावच्या बायकांनी हट्ट धरला की, यापुढे सर्व पुरुषांनी एकाच कामावर जायचे नाही, वेगवेगळ्या ठिकाणी विखरायचे. काम सोडा, असे त्या म्हणाल्या नाहीत, म्हणणे परवडणारे नव्हते. पुढे अनेक जण न्यूयॉर्कला आले, ब्रुकलिनमध्ये त्यांची वस्ती झाली आणि मॅनहॅटनच्या सांगाड्यांवर त्यांचे हात लागले. काहनावाकेच्या दफनभूमीत पुलावर मेलेल्यांसाठी पोलादी तुळयांचेच क्रूस उभारलेले आहेत. त्या गावचे देऊळ संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाचे असून, ज्या मोहॉक कन्येला २१ ऑक्टोबर २०१२ रोजी सोळावे पोप बेनेडिक्ट यांनी संतपद दिले, त्या संत कटेरी टेकाक्विथाची कबर तेथेच आहे.

इटालियन गवंड्यांची कथा निराळी नाही. ३० मार्च १९२३, उत्तम शुक्रवार. न्यूयॉर्कमध्ये एक इमारत बांधताना कोसळली आणि पिएत्रो दी दोनातो या मुलाचा गवंडी बाप ओल्या काँक्रीटमध्ये गाडला गेला. मुलगा जेमतेम बारा वर्षांचा. त्याने बापाची थापी उचलली आणि भावंडांना पोसले. मोठेपणी त्याने यावर कादंबरी लिहिली. १९३९ मध्ये निघालेल्या त्या कादंबरीचे नाव 'ख्राइस्ट इन काँक्रीट'. बापाचे नाव निदान मुलाने राखले.

ही सारी न्यूयॉर्कची कथा झाली, आणि परक्या शहराला नावे ठेवणे सोपे असते. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिले. त्याच्या दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे दगडात कोरलेले आहेत. ते कोरताना ज्यांचे हात भरून आले त्यांचे चेहरे तेथे नाहीत. आम्ही तीस वर्षे त्या स्थानकातून ये-जा केली आणि संचालकांकडेही कधी मान वर करून पाहिले नाही, मग इतरांचे काय!

भाच्याला आम्ही यांतील काही गोष्टी सांगितल्या. त्याने चित्र काढून टाकावे असे आमच्या मनात नव्हते, आणि त्यानेही ते काढले नाही. मात्र तो आता पाहुण्यांना डावीकडून तिसरा आणि उजवीकडून तिसरा दाखवतो. परवा त्याने आम्हांलाच उलट विचारले, "मामा, आपलं जुनं घर कुणी बांधलं?"

आमच्या वडिलांनी ते १९६२ मध्ये बांधले, असे आम्ही आजवर सांगत आलो. आमच्यापाशी त्या घराच्या आशीर्वादाचा एक फोटो आहे. पायरीवर तेव्हाचे फादर, वडील, आई, आजी, मावश्या, पुढे आम्ही भावंडे नव्या कपड्यांत. एकही गवंडी नाही, घमेली वाहणारी एकही बाई नाही. आम्ही थोरल्या मावशींकडे गेलो. त्या आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ पाहिला. गवंड्याचे नाव काही त्यांना आठवेना. तो डावखुरा होता, एवढे त्यांच्या ध्यानात होते. ओळंबा सोडताना एक डोळा मिटायचा, सायकलवरून यायचा आणि सोबत बारा-तेरा वर्षांचा मुलगा असायचा. आशीर्वादाच्या दिवशी तो आला होता का, असे आम्ही विचारले. आला होता, मावशी म्हणाल्या. मागच्या पडवीत जेवला. फोटो तेव्हा काढून झाला होता.